तलवारीचें पाणी : मुशींतील पोलादांत स्फटिक कसे वाढतात

१

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील जुन्या घराण्यांतून अजूनहि शस्त्रें बाहेर निघतात. कंधार, उदगीर, औसा या किल्ल्यांच्या आसपासच्या गांवीं देशमुख-पाटलांच्या देवघरांत एखादी तलवार, एखादा पट्टा, क्वचित् एखादी कट्यार वर्षभर कापडांत गुंडाळलेली असते. त्या दिवशीं तिला गंध-फूल मिळतें आणि मग ती पुन्हां आपल्या जागीं जाते. कागदपत्रें धुंडाळीत अशा घरीं गेलेल्या संशोधकास दप्तराबरोबर शस्त्रहि दाखविण्यांत येतें. आपण मुठीवरील सोन्याचें काम पाहतों, पाठीवर एखादें नांव अथवा हिजरी सन कोरला आहे काय तें शोधतों, आणि कांहीं न आढळल्यास ‘अक्षर नाहीं’ असें टिपून पुढें जातों.

प्रस्तुत लेखाचा हेतु असा कीं, ज्या पात्यावर अक्षर नाहीं त्यावरहि पुष्कळदां एक लेख असतो हें दाखवावें. तो कोणा कारकुनानें लिहिलेला नसतो; वितळलेला धातु थिजतांना त्याच्या पोटांत जे स्फटिक वाढले, त्यांनींच तो लिहिलेला असतो. तो कसा लिहिला जातो हें एकदां समजलें म्हणजे तो कांहीं अंशीं वाचतां येतो, आणि कोणत्या कृत्यानें तो झांकला जातो व कोणत्या कृत्यानें कायमचा नाहींसा होतो हेंहि कळतें. जुनीं शस्त्रें ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस हें ज्ञान निव्वळ कुतूहलाचें नाहीं.

२

प्रथम शब्दांचा विचार करूं. तलवारीच्या संबंधानें मराठींत ‘पाणी’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनीं येतो, व त्यांची गल्लत झाल्यानें पुष्कळ घोटाळा होतो. ‘पाणी देणें’ म्हणजे तापून लाल झालेलें पातें पाण्यांत अथवा तेलांत बुडवून त्याची धार कठीण करणें. ही लोहाराची शेवटची कृति होय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील खड्गलक्षणाच्या अध्यायांत ज्या कृति सांगितल्या आहेत, त्या या अर्थाच्या पाण्याच्या आहेत. दुसरें ‘पाणी’ म्हणजे पात्याच्या अंगावर दिसणारी लहरींची छटा. संथ डोहावरून वारा गेला असतां जशा बारीक सुरकुत्या उठतात तशी ती दिसते. फारशी लेखक हिलाच जौहर म्हणतात. या लेखांत ज्या पाण्याचा विचार करावयाचा तें हें दुसरें पाणी होय. पहिलें पाणी पात्यास बाहेरून मिळतें. दुसरें त्याच्या जन्मापासून त्याच्या अंगांत असतें.

पोलाद हा शब्द फारशी. त्यास जुना मराठी शब्द तिखें असा आहे व तो संस्कृत ‘तीक्ष्ण’ या शब्दावरून आला आहे. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन वर्ग केले असून तीक्ष्णाचे पुनः सहा प्रकार सांगितले आहेत. हे प्रकार ओळखण्याच्या खुणांत ‘पोगर’ नांवाची एक खूण येते. पोगर म्हणजे लोहाच्या अंगावर उमटलेल्या केंसासारख्या रेषा. कोणत्या तीक्ष्णास पोगर असतो व कोणत्यास नसतो, हें ग्रंथकारानें ध्यानपूर्वक पाहिलेलें दिसतें. ज्यांच्या संग्रहीं रसग्रंथांच्या पोथ्या आहेत त्यांनीं या शब्दाचीं पाठांतरें अवश्य टिपून ठेवावींत. कारण पोथींतील पोगर, फारशी लेखकांचा जौहर आणि आपल्या देवघरांतील तलवारीचें पाणी हीं एकाच वस्तूचीं नांवें असावींत असें मानण्यास जागा आहे.

३

हें पोलाद होत असे कोठें? त्याच्या शोधार्थ दमास्कसला जावयास नको. नांदेडच्या पूर्वेस, गोदावरीच्या दक्षिणेस, निजामाबाद म्हणजे जुन्या इंदूर जिल्ह्यांत कोनसमुद्रम् नांवाचें एक गांव आहे. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना होईपर्यंत नांदेड, उदगीर आणि हें गांव अशीं तिन्ही स्थळें एकाच हैद्राबाद राज्यांत होतीं. आज मध्यें राज्याची सीमा आहे इतकेंच. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें लिहून ठेविलें आहे कीं, ज्या पोलादावर जौहर उठतो तें गोवळकोंड्याच्या राज्यांतून इराणांत येतें. त्रिकोणमितीय मोजणीच्या खात्यांतील वैद्य व भूस्तरशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसे यानें कोनसमुद्रम् येथील कृति समक्ष पाहिली. तो १८२४ सालीं वारला. त्याचें वर्णन पुढें १८३२ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें गेलें. माल विकत घेण्यासाठीं इराणांतून व्यापारी या खेड्यांत येत असत, असें त्यांत नमूद आहे.

त्या वर्णनाचा सारांश असा. दोन निरनिराळ्या ठिकाणच्या लोखंडाचे तुकडे, एकाचे तीन भाग व दुसऱ्याचे दोन या प्रमाणांत, मातीच्या मुशींत भरीत. मुशीचें तोंड मातीनें बंद करून भात्याच्या वाऱ्यानें सुमारें एक दिवस-रात्र प्रखर अग्नि देत, आणि नंतर ती सावकाश निवूं देत. मूस फोडली म्हणजे आंतून सुमारें दीड पौंड वजनाचा पोलादाचा गोळा निघे. तो इतका कठीण असे कीं, त्यावर लगेच घण घालतां येत नसे. म्हणून मातीचा लेप देऊन त्यास कित्येक तास मंद आंच देत व ही कृति तीन-चार वेळां करीत. मुशींच्या मातींत भाताचीं तुसें मिसळलेलीं असत, व त्यांच्या योगानें ती माती प्रखर उष्णतेंत टिके. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस थेल्मा लो या विदुषीनें येथील मुशींचा सूक्ष्म अभ्यास केला. व २०१० सालीं बंगळूरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज व इंग्लंडांतील एक्सेटर विद्यापीठ या संस्थांच्या संशोधकांनीं मिळून उत्तर तेलंगणांतील जुन्या भट्ट्यांची व कीटाच्या ढिगांची पाहणी केली.

वरील वर्णनांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, लोखंड येथें पुरतें वितळून रस होत असे. सामान्य लोहाराच्या भट्टींत तें केवळ मऊ होतें. दुसरी, तो रस सावकाश निवविला जाई. पाण्याचें सर्व रहस्य या दोन गोष्टींत आहे.

४

आतां बंद मुशींत काय घडतें तें पाहूं. शुद्ध लोखंड १५३८ अंश उष्णतेवर वितळतें. परंतु मुशींतील पोलादांत शेंकडा सुमारें दीड भाग कर्ब असतो, व कर्बाच्या योगानें लोखंडाचा वितळण्याचा अंश खालीं येतो. यामुळें असा रस सुमारें चौदाशें अंशांच्या किंचित् वर थिजूं लागतो. मात्र तो पाण्याप्रमाणें एकाच अंशावर थिजून मोकळा होत नाहीं. पहिला घन कण धरल्यापासून शेवटचा थेंब थिजेपर्यंत उष्णता आणखी शेंदोनशें अंश खालीं उतरते, आणि या मधल्या अवधींत मुशींत घन व रस दोन्ही एकत्र नांदत असतात. मिश्रधातूचें हें लक्षणच आहे.

या अवधींत रसाची वांटणी होते. सरबत भांड्यांत घालून सावकाश गोठविलें असतां प्रथम जो बर्फ धरतो तो जवळजवळ निव्वळ पाण्याचा असतो, आणि साखर मागें राहिलेल्या पातळ भागांत सांठत जाते, हा अनुभव घरोघर आहे. पोलादाचेंहि तसेंच. प्रथम जो घन स्फटिक बनतो तो आपल्या पोटांत रसांतील कर्बाच्या निम्म्याहूनहि कमी कर्ब घेतो व उरलेला बाहेर लोटतो. केवळ कर्बच नव्हे, तर स्फुर, व्हॅनेडियम इत्यादि जीं द्रव्यें खनिजाबरोबर अत्यल्प प्रमाणांत आलेलीं असतात, त्यांचाहि बराच भाग तो बाहेर ढकलतो. यामुळें वाढत्या स्फटिकाच्या अंगालगत या त्याज्य द्रव्यांचा एक दाट थर जमतो, आणि या थरांतील रस उशिरा थिजणारा असतो.

येथेंच झाडाचा जन्म होतो. स्फटिकाचें अंग सपाट राहून तो सरळ भिंतीसारखा पुढें सरकेल असें वाटणें साहजिक आहे; पण तें अंग सपाट टिकत नाहीं. योगायोगानें त्यास एखादें सूक्ष्म टेंगूळ आलें, तर त्या टेंगळाचें टोंक दाट थरांतून पुढें डोकावतें व तुलनेनें निर्मळ, म्हणजे लवकर थिजणाऱ्या रसांत पोंचतें. साहजिकच तें आजूबाजूच्या अंगापेक्षां जलद वाढतें. जों जों तें पुढें जातें, तों तों त्याचा मार्ग अधिक सुगम होतो, आणि त्यानें दोन्ही बाजूंस ढकललेल्या द्रव्यांमुळें शेजाऱ्यांचा मार्ग अधिक अवघड होतो. येणेंप्रमाणें टेंगळाचें खोड बनतें. पुढें खोडाच्या अंगावर हाच न्याय लागू होऊन त्यास फांद्या फुटतात, आणि फांद्यांस उपफांद्या. लोखंडाच्या स्फटिकाची घडण घनाकृति असल्यामुळें या फांद्या वाटेल त्या दिशेनें न जातां एकमेकींशीं काटकोन करून जातात. अशा स्फटिकास आपण शाखास्फटिक म्हणूं. युरोपांतील शास्त्रज्ञांनीं त्यास दिलेलें नांवहि झाड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आहे.

मग टोंक अमर्याद बारीक होऊन सुईसारखें कां होत नाहीं? कारण फार अणकुचीदार टोंकास पृष्ठताण बाधतो. असें टोंक पुनः वितळूं पाहतें. द्रव्यें बाजूस सारण्याची सोय टोंकास बारीक करूं पाहते व पृष्ठताण त्यास बोथट करूं पाहतो. या दोहोंच्या ओढाताणींत टोंकाची जाडी ठरते. सपाट पृष्ठ कां टिकत नाहीं याची मीमांसा १९५३ सालीं टिलर, जॅक्सन, रटर व चाल्मर्स यांनीं मांडली, आणि १९६४ सालीं मलिन्स व सेकेर्का यांनीं तिला गणिताचें पूर्ण रूप दिलें.

फांद्यांमधील अंतर मात्र निवण्याच्या वेगावर अवलंबून असतें. रस झटकन् निवविला तर फांद्या बारीक व दाट येतात. सावकाश निवविला तर लहान फांद्या पुनः विरून जातात, त्यांचें द्रव्य मोठ्या फांद्यांस मिळतें, आणि उरलेल्या फांद्या जाड व विरळ होतात. मूस भट्टींतच निवूं देणारा कोनसमुद्रमचा कारागीर नकळत या नियमाचा उपयोग करीत होता.

हीं झाडें सहसा दिसत नाहींत, कारण शेवटीं फांद्यांमधील उरलेला रसहि थिजून सर्व जागा भरून काढतो. दाट रानांत पूर येऊन तो तेथेंच गोठावा तसा हा प्रकार होतो. मात्र आकुंचनामुळें एखादे ठिकाणीं रस ओसरून पोकळी राहिली, तर फांद्या उघड्या पडतात. रशियांतील धातुशास्त्रज्ञ चेर्नोव्ह याच्या संग्रहांत एका प्रचंड ओतीव ठोकळ्याच्या पोकळींत सांपडलेला असा एक शाखास्फटिक होता व त्याची लांबी ३९ सेंटिमीटर भरली. इतके दूर जावयाचें नसेल, तर जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या बादलीवर जीं चकाकणारीं फुलें दिसतात तीं पाहावीं. तींहि थिजत्या जस्ताच्या स्फटिकांचींच. उदगीरपासून जवळच असलेल्या बीदरच्या बिदरी कामाचा धातु जस्तांत थोडें तांबें घालून ओततात. विजापूरची मलिक-इ-मैदान ही १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली तोफ तांबें व कथील यांच्या मिश्रणाची आहे. सर्व ओतींव मिश्रधातूंच्या पोटांत बहुधा असेंच रान असतें. पोलादी पात्याचा विशेष हा कीं, त्याच्या पोटांतील रान अंगावर दिसूं शकतें.

५

तें कसें, हें पुष्कळ दिवस कोडेंच होतें. १७९४ सालीं मुंबईच्या हेलेनस स्कॉट नांवाच्या वैद्यानें या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षाकडे धाडले, आणि १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सन यानें त्यांवर निबंध वाचला. कानडी-तेलुगु ‘उक्कु’ या शब्दाचें बिघडलेलें रूप ‘वुट्झ’ हें तेव्हांपासून युरोपांत रूढ झालें. मायकेल फॅरडे यानें १८१९ पासून कांहीं वर्षें या पोलादाचें पृथक्करण व अनुकरण करून पाहिलें. रशियांत आनोसोव्ह यानें आपल्या प्रयोगांचा वृत्तांत १८४१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९२४ सालीं चोक्के या स्विस संशोधकानें बर्नच्या वस्तुसंग्रहालयांतील हेन्री मोझर याच्या संग्रहामधील कांहीं पात्यांचे तुकडे कापून त्यांची परीक्षा केली. त्याच तुकड्यांपैकीं जे उरले होते त्यांचें पुनःपरीक्षण अमेरिकेंतील प्राध्यापक व्हेर्होवेन यांनीं केलें; त्यांनीं पेंड्रे या लोहाराच्या साह्यानें नवीं पातींहि घडविलीं, व १९९८ सालीं आपला निष्कर्ष मांडला.

तो निष्कर्ष थोडक्यांत असा. मूस निवल्यावर कर्ब फार काळ जागेवर राहत नाहीं. तो चपळ असल्यामुळें तप्त पोलादांत पसरून बराचसा सारखा होतो. परंतु व्हॅनेडियमसारखीं द्रव्यें जड पायाचीं आहेत. फांद्यांच्या मधल्या जागांत तीं ढकललीं गेलीं कीं तेथेंच राहतात. पुढें लोहार गोळा तापवून घणाखालीं चपटा करूं लागतो, तेव्हां झाडांचें रान दबून त्याचे एकावर एक पातळ थर होतात. पोलाद प्रत्येक वेळीं निवतांना जादा कर्ब लोखंडाशीं संयोग पावून सिमेंटाइट नांवाचे कठीण, पांढरे कण बनवितो. आणि हे कण व्हॅनेडियमच्या थरांपाशीं राहणें पसंत करतात. एकदां तापवून निवविल्यानें ते अस्ताव्यस्त असतात. तापविणें, ठोकणें व निवविणें यांचीं अनेक आवर्तनें झालीं म्हणजे ते ओळीनें मांडले जातात. हे थर परस्परांपासून एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास अंतरावर असतात. पातें घांसून त्यास हिराकस लावला म्हणजे मऊ भाग काळवंडतो, कणांच्या ओळी पांढऱ्या राहतात, आणि पाणी दिसूं लागतें. घणाचे घाव कमी-अधिक बसल्यानें थर उंचसखल झालेले असतात; घांसतांना ते तिरपे कापले जातात, म्हणून ओळी सरळ न दिसतां लहरींसारख्या दिसतात.

या सर्व प्रकारास व्हॅनेडियम किती लागतें? एक लक्ष भागांत सुमारें चार भाग पुरतात. ज्या खाणींतील खनिजांत हें द्रव्य नव्हतें, तेथील लोखंडावर तीच कृति अक्षरशः केली तरी पाणी उठणार नाहीं. जुनी खाण संपून कारागीर नव्या खाणीकडे वळला आणि त्याचें कसब एकाएकीं निष्फळ झालें, असें कांहीं ठिकाणीं घडलें असावें, असा व्हेर्होवेन यांचा तर्क आहे. एकोणिसाव्या शतकांत ही विद्या लोपली त्यास स्वस्त विलायती पोलाद, शस्त्रांची घटलेली मागणी व १८७८ चा शस्त्रांचा कायदा हींहि कारणें सांगतात. खाणीचा तर्क त्यांस बाधक नाहीं, पूरक आहे.

येथें अकराव्या शतकांतील अल्-बीरूनी याचें स्मरण केल्यावांचून राहवत नाहीं. रत्नें व धातु यांवरील आपल्या ग्रंथांत तो म्हणतो कीं, मुशींत घातलेल्या द्रव्यांची वितळण्याची पात्रता सारखी नसल्यामुळें तीं पूर्णपणें एकजीव होत नाहींत, आणि म्हणूनच पात्यावर दोन रंगांची नक्षी दिसते. एकजीव न होणें हें वितळतांना घडत नसून थिजतांना घडतें, एवढी दुरुस्ती केली तर त्याचें म्हणणें आजहि उभें राहतें.

६

आतां या लेखाचें वाचन. पात्यावर पाणी दिसलें तर प्रथम तें खरें आहे कीं नाहीं हें पाहावें. कांहीं पात्यांवर आम्लानें वरवर नक्षी उठविलेली असते. ती थोडें घांसतांच जाते व पुनः येत नाहीं, कारण तिच्याखालीं कांहीं नसतें. दुसरा प्रकार म्हणजे मऊ व कठीण लोखंडाच्या पट्ट्या एकत्र पिळून जोडलेलें पातें अथवा बंदुकीची नळी. हें कामहि उत्तम कसबाचें आहे, पण त्याची नक्षी लोहारानें मुद्दाम रचलेली असते; भिंगाखालीं पाहिल्यास तींत अखंड पट्टे व सांध्याच्या रेषा दिसतात. मुशींतील पोलादाचें पाणी भिंगाखालीं निराळें दिसतें: पांढरी रेषा ही वस्तुतः सुट्या सूक्ष्म कणांची ओळ असते, व तीस सांधा कोठेंच नसतो. कांहीं पात्यांवर ठराविक अंतरानें आडव्या पायऱ्या दिसतात. त्या लोहारानें पात्यावर आडवे चर पाडून मग तें सपाट केल्यामुळें उमटतात. म्हणजे अशा पात्यावर दोन हात एकत्र असतात, स्फटिकाचा आणि लोहाराचा.

पाणी ठळक व विरळ असेल तर मूस सावकाश निवविलेली असण्याचा संभव अधिक. पण घडणावळीनेंहि त्यांत फरक पडतो, म्हणून एवढ्यावरून निर्णय देऊं नये. नांदेडकडील पातें आहे एवढ्यावरून तें कोनसमुद्रमच्या पोलादाचें असेंहि म्हणूं नये. पोलादाचे गोळे इराणांत जाऊन त्यांचीं पातीं होऊन परत येत. तसेंच मराठ्यांच्या फौजांत फिरंग म्हणून जीं सरळ पातीं असत त्यांतील पुष्कळ युरोपांतून आलेलीं होतीं व त्यांवर हें पाणी नसतें. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं झालेल्या उदगीरच्या लढाईंत आपल्या पूर्वजांनीं वापरलेली तलवार म्हणून एखादें कुटुंब पातें दाखवितें. पाण्यावरून त्या परंपरेचा खरेखोटेपणा ठरणार नाहीं. पोलाद कसें झालें एवढेंच पाणी सांगेल. कोणी वापरलें हें सांगण्यास कागदच पाहिजे. मात्र कागद व पातें हीं दोन्ही एकाच घरीं असतील, तर एकाची नोंद दुसऱ्यावांचून करणें ही हानि होय.

७

आतां जतनाविषयीं. लातूर जिल्ह्यांत एका घरीं प्रस्तुत लेखकास एक तलवार दाखविण्यांत आली. दसऱ्यापूर्वीं ती ‘चकचकीत’ करून घ्यावी म्हणून घरच्यांनीं यंत्राच्या सहाणेवर लावून आणली होती. पातें आरशासारखें झालें होतें आणि त्यावर कांहींहि दिसत नव्हतें. केवळ मुठीच्या पकडीखालीं, जेथें सहाण पोंचली नाहीं, तेथें बोटभर जागेंत बारीक पाणी स्पष्ट राहिलें होतें. घरच्या वृद्ध गृहस्थांनीं तें पाहिलें आणि त्यांस फार वाईट वाटलें.

त्यांस जें सांगतां आलें तेंच येथें सांगतों. वरवर घांसल्यानें पाणी झांकलें जातें, मरत नाहीं. तें पात्याच्या पोटांत शेवटपर्यंत भरलेलें असतें, म्हणून जाणत्या माणसाच्या हातून पुनः वर आणतां येतें. सहाणेनें होणारें खरें नुकसान निराळें आहे: कोरलेलीं अक्षरें व शिक्के झिजतात, आणि तीं परत येत नाहींत. परंतु पातें सरळ करण्यासाठीं अथवा मूठ बसविण्यासाठीं तें भट्टींत घालून पिवळें-पांढरें होईपर्यंत तापविलें, तर सिमेंटाइटचे कण लोखंडांत विरून जातात आणि कणांच्या ओळी मोडतात. घांसणें म्हणजे पोथीवर बुक्का सांडणें. तापविणें म्हणजे पोथी जाळणें. शेंकडा दीड भाग कर्बाचें पोलाद फार तापविलें असतां घणाखालीं फुटतेंहि. युरोपांतील लोहारांच्या हातीं हे गोळे फुटत त्याचें एक कारण हेंच होतें.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात. जुनें पातें भट्टींत घालूं नये, व यंत्राच्या सहाणेवर लावूं नये. लिंबू, चिंच, राख अथवा हिराकस यांचा प्रयोग घरीं करूं नये. आम्लाचा अंश मागें राहिला कीं त्यापासून गंज धरतो. मऊ कोरड्या कापडानें पुसून शुद्ध खनिज तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानांत दमट हवेच्या दिवसांत पातें ठेवूं नये. पाण्याचें छायाचित्र घ्यावयाचें असल्यास प्रकाश समोरून न टाकतां बाजूनें तिरपा टाकावा, व मोजपट्टी शेजारीं ठेवावी. मराठवाड्यांत शीख शिकलगारांचीं घरें अजून आहेत. त्यांच्यापैकीं जुन्या लोकांस घांसण्या-उजळण्याच्या ज्या रीति ठाऊक असतील त्या लिहून घेणें हेंहि संशोधनच आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्रीहजूरसाहिब येथें गुरु गोविंदसिंगांचीं म्हणून जीं शस्त्रें पूजेंत आहेत तीं श्रद्धेचा विषय आहेत, परीक्षेचा नव्हेत. पण घरोघरच्या साध्या पात्यांविषयीं तसा संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

परीक्षेसाठीं पातें कापावें लागेल ही भीति आतां पूर्वींइतकी उरलेली नाहीं. न्यूट्रॉनकिरणांच्या साह्यानें पातें न कापतां त्याच्या अंतरंगाची परीक्षा भारतीय तलवारींवरहि झालेली आहे. तथापि यंत्रापेक्षां मोठी गोष्ट म्हणजे वस्तु शिल्लक असणें. मोझर यानें पातीं जमविलीं तेव्हां व्हॅनेडियमचा हा प्रश्न कोणाच्या मनांतहि नव्हता; चोक्के यानें तुकडे कापले तेव्हांहि नव्हता. तुकडे नीट राखलेले होते, म्हणून सुमारें सत्तर वर्षांनीं प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर सांपडलें. त्याच तुकड्यांपैकीं एकांत २००६ सालीं ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांस कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्या; तोहि प्रश्न आधीं कोणास सुचलेला नव्हता.

कंधार, उदगीर, औसा व नांदेड या भागांतील किती पात्यांवर पाणी आहे याची साधी यादीहि झाली तर पुढील अभ्यासकास मोठाच आधार होईल. घराण्याचें दप्तर पाहावयास जाणाऱ्यानें एक भिंग बरोबर न्यावें, पात्याची लांबी व वजन लिहावें, पाण्याचें वर्णन दोन ओळींत करावें, आणि मुठीच्या पकडीखालीं डोकावून पाहण्यास विसरूं नये. ‘अक्षर नाहीं’ असें लिहिण्यापूर्वीं एवढें केलें तरी पुष्कळ झालें.